मदत हवी आहे : साथसंगत थांबल्यावर स्वतःसाठी पेटी कशी वाजवावी?

नमस्कार. मी सुमारे चाळीस वर्षे गायकांना हार्मोनियमची साथ केली. गुडघ्यांमुळे आता मैफली थांबवल्या आहेत. ज्या वाद्यावर आकाशवाणीने १९४० ते १९७१ बंदी घातली होती, त्यावरच माझा संसार चालला, त्यामुळे तक्रार काही नाही. अडचण वेगळीच आहे.

गायकाने घेतलेली जागा (गाण्यातली सुरांची छोटी, नक्षीदार हरकत) क्षणात उचलून, त्याच्यावर कुरघोडी न करता परत देणे एवढीच माझी कल्पकता होती आणि (खोटे कशाला बोलू?) तबलजीपेक्षा आपल्याला जास्त दाद मिळावी ही ईर्षाही तिच्यात मिसळलेली होती. आता दूध तापवून, भाजी निवडून झाल्यावर पेटी उघडतो; पण समोर गाणारे कोणी नसल्याने यमन रागाचे दोन आलाप होताच बोटे अडतात.

एकल वादनाकडे वळलेल्या साथीदारांनी रियाज कसा बदलला, सुरुवातीला बंदिशी घ्याव्यात की नाट्यपदे, आणि स्पर्धेची तयारी करणाऱ्या नातवात माझी जुनी चढाओढ उतरू नये म्हणून मी काय टाळावे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे. खुर्चीवर बसून वाजवताना पेटी किती उंचीवर ठेवावी, हेही कळवल्यास उपकार होतील.