तोताकांची १९ सुरांची धून: सही की खोडी?

खरवस (धागाकर्ता):
काझुमी तोताका हे निन्टेन्डो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचे संगीतकार. १९ सुरांची एक धून ते जवळपास प्रत्येक गेममध्ये कुठेतरी दडवतात. १९९२ च्या 'मारिओ पेंट'मध्ये शीर्षकातल्या 'ओ'वर क्लिक करा, वाजते. १९९३ च्या 'लिंक्स अवेकनिंग'मध्ये रिचर्डच्या वाड्यात अडीच मिनिटं नुसतं उभं राहा, वाजते. याचं केवढं कौतुक चालतं! मला ही खोडीच वाटते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या धुनेनं गोष्टीत काम केलं पाहिजे. निन्टेन्डोचेच संगीतकार कोजी कोंडो यांची 'झेल्डा' गेम-मालिकेतली झेल्डाची अंगाई बघा. मालिकेच्या १९९१ च्या गेममध्ये ती राजकन्या झेल्डासोबत आली. १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम'मध्ये तीच आपण डावं-वर-उजवं, डावं-वर-उजवं बटणं दाबून वाजवतो आणि अडलेली वाट उघडते. २०११ च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड'ची मुख्य धून तर हीच अंगाई, उलटी केलेली. तोताकांची धून काय उघडते?

रिकामटेकडा:
काहीच उघडत नाही, तीच तर मजा! अख्खा गेम 'पळ, मार, उडी घे' म्हणत असतो. ही धून हात खाली ठेवल्यावर भेटते. मला ती जेवणामुळे सापडली. आईची हाक आली, गेम तसाच चालू ठेवून उठलो. परत येतो तर रिचर्डच्या वाड्यातल्या खोलीत बेडूक उड्या मारतायत आणि भलतंच काहीतरी वाजतंय. गेम बिघडला असंच वाटलं.

ताक_पोळी:
अभंगाच्या शेवटी संत आपलं नाव गुंफतात, त्याला कुणी खोडी म्हणतं का? नाममुद्रा आहे ही.

खरवस:
@ताक_पोळी, नाममुद्रा उघड असते, आणि स्वतःच्या रचनेत असते. 'लिंक्स अवेकनिंग'चं बहुतेक संगीत मिनाको हामानो आणि कोझुए इशिकावा या दोघींचं. गेमसाठी दोघींचं ते पहिलंच काम! तोताकांकडे ध्वनिपरिणाम आणि शीर्षकाची धून. आज गप्पा कुणाच्या? वाड्यातल्या १९ सुरांच्या. स्वयंपाक दोघींचा, नाव वाढप्याचं.

ताक_पोळी:
हा मुद्दा बोचला, मान्य. पण तो चाहत्यांचा दोष, तोताकांचा नाही. त्यांनी तर धून लपवली होती.

रिकामटेकडा:
लपवली म्हणे! 'ॲनिमल क्रॉसिंग'मध्ये शनिवारी रात्री गिटार घेऊन बसणारा कुत्रा आठवतो? जपानीत त्याचं नाव तोताकेके, म्हणजे 'तोताका के.' त्याला फर्माईश केली की तो हीच धून गातो. इतकी उघड नाममुद्रा अजून कोणती हवी? आणि हो, मारिओच्या गेममधल्या योशी या डायनासोरचा आवाजही याच माणसाचा.

खरवस:
कुत्रा माफ. त्या गेममध्ये गाणं हेच त्याचं काम आहे. वाड्यातली धून मात्र अजूनही खोडीच.

रिकामटेकडा:
बरं. हामानो-इशिकावांवर वेगळा धागा काढ, पहिला प्रतिसाद माझा. तोवर मी बेडकांच्या खोलीत उभा आहे.