मदत हवी आहे : टास्मानियात आई-बाबांसह आठ दिवस, पश्चिम किनारा ठेवावा की वगळावा?

नमस्कार.

आम्ही मेलबर्नला राहतो. साताऱ्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन मार्चमध्ये आठ दिवस टास्मानियाला जाण्याचे ठरवत आहोत. आमच्याकडे येणारे पाहुणे सिडनी आणि गोल्ड कोस्ट पाहून परततात, त्यामुळे हे बेट पाहिलेले ओळखीत कोणीच नाही.

बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. ब्रिटनमधून १८५३ पर्यंत टास्मानियात कैदी पाठवले जात आणि त्यांच्याच श्रमांतून तिथली जुनी गावे उभी राहिली, याचे त्यांना विलक्षण कुतूहल आहे. रॉस गावच्या १८३६ च्या दगडी पुलाच्या कमानींवर १८६ कोरीव दगड आहेत. ते काम करणाऱ्या कैदी पाथरवटांना त्याबद्दल माफी मिळाली. त्या पुलाचे छायाचित्र बाबांनी छापून घेतले आहे आणि जेवण झाले की भिंग लावून ते त्यातला एकेक चेहरा न्याहाळत बसतात. त्यामुळे रॉस, रिचमंड आणि पोर्ट आर्थर ही ठिकाणे नक्की आहेत.

अडचण अरण्याची आहे. बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे; सपाटीवर दोनेक किलोमीटर चालतात, पायऱ्या मात्र झेपत नाहीत. आम्ही रानात हिंडायचे आणि त्या दोघांनी गाडीत बसून राहायचे, हे मला मुळीच नको आहे. म्हणूनच पश्चिम किनाऱ्यावरच्या स्ट्रॅहन गावाहून गॉर्डन नदीत जाणारी बोट मनात भरली आहे : बसल्या जागी घनदाट वर्षावन दिसेल आणि बोट जिथे थांबते त्या सारा बेटावर १८२२ ते १८३३ पर्यंतच्या बंदिवासाच्या खुणाही बाबांना पाहता येतील. परंतु तिकडे जाताना क्वीन्सटाउनजवळचा रस्ता फार वळणांचा आहे आणि आईला घाटात हमखास मळमळते.

जीलाँगहून रात्रीच्या बोटीने आपलीच गाडी घेऊन डेव्हनपोर्टला उतरणार आहोत. तिथून क्रेडल माउंटनला दोन रात्री राहून स्ट्रॅहन गाठावे, की पश्चिम किनारा सोडून ते दिवस होबार्टकडे द्यावेत? सारा बेटावरची वाट बाबांना जमेल का? क्रेडल माउंटनला डव्ह सरोवरापर्यंत बस जाते. तिथे पायऱ्या न चढता काठाकाठाने किती अंतर जाता येते? संध्याकाळनंतर रस्त्यावर वॉलबी (छोट्या कांगारूसारखे प्राणी) येतात, तेव्हा अंधारापूर्वी मुक्काम गाठण्यासाठी स्ट्रॅहनला निघताना किती वेळ हाताशी ठेवावा?

आणखी एक. ताजी फळे-भाज्या बेटावर नेता येत नाहीत, हे माहीत आहे. आईच्या डब्यातले मेतकूट आणि वाळवलेला कढीपत्ता तपासणीत चालतो का, हे स्वतः नेलेल्या कोणी सांगितले तर फार बरे होईल.