मिलानमध्ये क्लायंट डिनर, सोबत शाकाहारी
मिलानमध्ये क्लायंटला उंची इटालियन रेस्तराँत न्यायचंय आणि सोबत दोघं शाकाहारी आहेत, तर नुसतं ‘व्हेज मिळेल का’ विचारून भागणार नाही. तिथला केशर घातलेला रिसोत्तो (मऊसर भाताचा पदार्थ) दिसायला निरुपद्रवी, पण पारंपरिक कृतीत गाई-बैलाच्या हाडातली मज्जा आणि मांसाचा स्टॉक (मांस-हाडं उकळून काढलेलं पाणी) असतो. अस्सल पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विकर) असतंच. म्हणून बुकिंग करतानाच मांस, मासे, मांसाचा स्टॉक आणि रेनेट चालत नाही असं लेखी कळवा. भाज्यांच्या स्टॉकवर रिसोत्तो करून देणारे असतात. मात्र ताज्या रिसोत्तोला १८ ते २० मिनिटं लागतात आणि अनेक ठिकाणी तो किमान दोघांसाठीच करतात. चीज वगळून टोमॅटोचा पास्ता हा सर्वांत सोपा मार्ग.

टेबल रात्री ८चं घ्या. एप्रिलमधल्या फर्निचर प्रदर्शनाच्या आठवड्यात जागा मिळणं मुश्कील, १५ ऑगस्टच्या आसपास बरीच रेस्तराँ बंद. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ म्हणजे टेबलावर बसण्याची आकारणी लावतात, ती टिप नव्हे. बिलावरून टेबलावर ओढाताण नको असेल तर कार्ड आधीच मॅनेजरकडे द्या. जेवणानंतर कापुचिनो मागितला तर मिळेल, पण क्लायंट इटालियन असेल तर एस्प्रेसोच बरी.