सेवा केंद्रं बंद केली तर पाड्यावरच्या माणसाने जायचं कुठे?

सुरगाणेकर: काल निफाडकर भाऊंनी लिहिलं, घरोघरी मोबाईल आलाय, ग्रामपंचायतीतली दाखले-अर्ज भरून देणारी आपले सरकार केंद्रं आता बंद करा. रात्रभर डोक्यातून जाईना. माझी आई नाशिक जिल्ह्यात सुरगाण्याकडच्या पाड्यावर राहते. बटणांचा फोन, रेंज टेकाडावर. पीएम किसानची केवायसी राहिली म्हणून तिचे हप्ते अडकले. ओटीपी जायचा भावाच्या बंद पडलेल्या नंबरवर. उरला आंगठा, आणि तो केंद्रातच लागतो. भात लावून बोटांच्या रेषा गेल्यात. केंद्रातल्या पोराने तिचे हात कोमट पाण्याने धुवायला लावले, एकेक बोट पुसून लावून पाहिलं, शेवटी मधल्या बोटावर काम झालं. हे कोणता मोबाईल करणार होता?

निफाडकर: आईंचं काम झालं, बरं वाटलं. पण २०२३ पासून चेहरा दाखवूनही केवायसी होते, शेजारच्या कुणाच्याही फोनवर. आणि माझा अनुभवही ऐका. त्याच वर्षी पीकविमा एक रुपयात होता, केंद्राला अर्जामागे ४० रुपये कंपनी देणार होती. माझ्याकडून १५० घेतले, पावती नाही. महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत निघणाऱ्या सातबाऱ्याला ५० मोजले. ही सेवा नाही, लूट आहे.

चांदवडचा कांदा: मोबाईलवर सगळं होतं म्हणता, मग ई-पीक पाहणीचं, म्हणजे ॲपवर पिकाची नोंद करण्याचं बोला! २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चात रांगडा कांदा साडेपाचशेने दिला. सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान काढलं, २०० क्विंटलपर्यंत. अट काय, तर सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीतली नोंद. माझी नोंद नव्हती. गटात, म्हणजे शेतातच उभं राहून फोटो काढायचा, आणि तिथेच रेंज नाही. हातात बाजार समितीची विक्रीची पट्टी होती, तरी कांदा पिकवलाच नाही असं ठरलं.

निफाडकर: आमच्याकडे अर्ध्या गावाने नोंदी केल्या. माझ्या नववीतल्या मुलीने आमच्या तिन्ही गटांची केली. मुदत संपेपर्यंत हलायचं नाही आणि मग ॲपवर खापर फोडायचं, हे मला मान्य नाही.

चांदवडचा कांदा: हलायचं नाही? वडील अर्धांगवायूने नाशिकला दवाखान्यात होते, मी त्यांच्या उशाशी. तुमच्या घरात शिकलेली मुलगी आहे म्हणून सगळ्यांना तेच मोजमाप लावू नका.

निफाडकर: वडिलांचं माहीत नव्हतं. तो शब्द मागे घेतो. पण नंतर अट सैल झाली, गावात समितीने पडताळणी केली, हेही सांगा की.

चांदवडचा कांदा: झाली. तोवर चार महिने तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. समिती पडताळू शकत होती, तर आधीच का नाही?

सुरगाणेकर: कांद्यावरून परत केंद्रावर या. शेजाऱ्याच्या फोनवर चेहरा दाखवा म्हणता. आईचा आधार नंबर, बँकेचा मेसेज सगळं शेजाऱ्यापुढे उघडं करायचं का? केंद्रात निदान कोण बसतो ते माहीत असतं, चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्याच समोर जाता येतं.

दिंडोरीचा परिचालक: मी त्या खुर्चीवर बसतो. २०११ ला संग्राम केंद्रात लागलो, मग केंद्राचं नाव बदललं, माझं काम तेच. जादा पैसे घेणारे आहेत, नाकारत नाही, मला त्यांची लाज वाटते. पण आमचं मानधन महिनोन्‌महिने थकतं. फायबरची तार रस्त्याच्या खोदकामात तुटली की जोडणारा येईपर्यंत मी स्वतःच्या मोबाईलच्या डेटावर दाखले भरतो.

निफाडकर: मानधन थकलं म्हणून शेतकऱ्याच्या खिशात हात घालायचा नाही. तरी, दरपत्रक दारावर लावा, प्रत्येक कामाची पावती द्या. पेठ-सुरगाण्यात केंद्रं राहू द्या, तेवढं मानतो. निफाडमध्ये गरज आहे हे अजून पटलेलं नाही.

सुरगाणेकर: निफाडमध्ये द्राक्षाच्या छाटणीला आमच्याच पाड्यांवरची माणसं येतात. चार-चार महिने तिथे राहतात. त्यांचं काम अडलं तर त्यांनी कुठे जायचं?

दिंडोरीचा परिचालक: दरपत्रक लावलेलं आहे. पावतीही उद्यापासून न मागता देईन. प्रिंटरच्या शाईचं तेवढं पंचायतीने बघावं, तीन महिने मी पदरचे पैसे घालतोय.