मदत हवी आहे: लँड क्रूझर हायब्रिड हायवेला खरं किती देते?

डेन्व्हरला राहतो. २०२४ ची टोयोटा लँड क्रूझर (२.४ टर्बो हायब्रिड) घ्यायचा विचार आहे. कागदावर शहरात २२, हायवेला २५ एमपीजी (गॅलनला मैल), टाकी १७.९ गॅलन. टेस्ट ड्राइव्ह घेतली, पण शहरातल्या शहरात. त्यावरून काय कळणार? आमचं फिरणं म्हणजे आय-७० हायवेने डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याचा चढ, मग युटातलं मोआब, कधी त्याही पुढे. त्याच हायवेवर ग्रीन रिव्हर ते सलायना शंभरएक मैल पंपच नाही. टपावर तंबू, ऑल-टेरेन टायर, वेग ७५ च्या आसपास. प्लग-इन सुचवू नका, अपार्टमेंटमध्ये चार्जिंगची सोय नाही. एवढं लादून कोणी टाकी फुल ते फुल मोजलंय का (स्क्रीनवरचा आकडा नको)? किती पडलं, आणि पेट्रोल संपत आल्याचा दिवा लागेपर्यंत किती मैल गेली?