अमेरिकेत आरोपीचा रंग बघून बातमी ठरते, आणि निकालही?

रानवारा

आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर काल एकाने टाकलं की अमेरिकेत काळे लोक गुन्हेच जास्त करतात म्हणून तुरुंगात जास्त दिसतात, यात वर्णभेद आणि मीडिया कशाला आणायचा. तिथे दोन ओळीत उत्तर देता येईना म्हणून इथे लिहितोय, लांबेल थोडं.

मिनियापोलिसपासून सुरू करतो. २५ मे २०२० ला पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्यामुळे जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस गेला तेव्हा पोलिसांनी जे पहिलं पत्रक काढलं त्याचं शीर्षक साधारण असं होतं की पोलिसांशी संबंध आला असताना तब्येत बिघडून एकाचा मृत्यू. मानेवरच्या गुडघ्याचा त्यात उल्लेखच नाही. सतरा वर्षांच्या एका मुलीने फोनवर शूटिंग केलं नसतं तर दुसऱ्या दिवशी पेपरात हेच आलं असतं आणि तिसऱ्या दिवशी सगळे विसरले असते. पुढे एप्रिल २०२१ मधे तो पोलीस, डेरेक शॉव्हिन, दोषी ठरला, साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. पण ते पहिलं पत्रक आणि तो निकाल शेजारी ठेवून बघा, एकाच घटनेबद्दल आहेत असं वाटतच नाही.

दुसरं उदाहरण त्याहून जुनं. एप्रिल १९८९, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधे जॉगिंग करणाऱ्या एका गोऱ्या बाईवर भयंकर हल्ला आणि बलात्कार झाला. चौदा ते सोळा वर्षांची पाच पोरं पकडली, चार काळी आणि एक लॅटिनो. तासन् तास चौकशी करून कबुलीजबाब घेतले. पेपरांनी त्यांना लांडग्यांची टोळी म्हटलं, मुलांना लांडगे! डोनाल्ड ट्रम्पने चार पेपरांत पानभर जाहिराती देऊन फाशी परत आणा म्हणून सांगितलं, आणि तेव्हा खटला उभाही राहिला नव्हता. डीएनए पाचांपैकी एकाशीही जुळला नव्हता, ज्युरीला ते माहीत होतं, तरी १९९० मधे पाचही दोषी. २००२ मधे खऱ्या गुन्हेगाराने कबूल केलं, त्याचा डीएनए जुळला, मग शिक्षा रद्द झाल्या. २०१४ मधे शहराने ४ कोटी १० लाख डॉलर भरपाई दिली, पण पोरांचं पोरपण गेलं ते गेलंच.

माझं म्हणणं असं की गुन्ह्याची पहिली बातमी ही जवळजवळ नेहमी पोलिसांची किंवा सरकारी वकिलाची बाजू असते, आणि आरोपी काळा असला की ती बाजू तपासून बघावी असं कोणाला वाटत नाही.

निखळ

रानवारा, दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण तुम्ही सोयीची तेवढी निवडलीत असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मीडियाचा कल दोन्ही बाजूंना जातो. ड्यूक युनिव्हर्सिटीचं आठवतंय का? मार्च २००६, लॅक्रॉस नावाच्या खेळाच्या टीममधल्या तीन गोऱ्या पोरांवर एका काळ्या बाईने बलात्काराचा आरोप केला. त्यांच्या प्राध्यापकांपासून मोठमोठ्या चॅनेलपर्यंत सगळ्यांनी श्रीमंत गोरी माजलेली पोरं म्हणून निकाल लावून टाकला होता. सरकारी वकील माईक नायफाँग निवडणुकीला उभा होता आणि त्याने मुलाखतींवर मुलाखती दिल्या, डीएनए रिपोर्टमधली मुलांच्या बाजूची माहिती दाबली. शेवटी एप्रिल २००७ मधे राज्याच्या अॅटर्नी जनरलने तिघंही निर्दोष आहेत असं स्पष्ट सांगितलं, आणि नायफाँगची सनद गेली.

मग मिसुरीतलं फर्ग्युसन. ऑगस्ट २०१४ मधे मायकेल ब्राऊन या काळ्या तरुणाने हात वर केले होते तरी पोलिसाने गोळी घातली, ही गोष्ट जगभर गेली, खेळाडू मैदानात हात वर करून उतरले. ओबामांच्याच न्याय खात्याने चौकशी केली आणि मार्च २०१५ मधे सांगितलं की हात वर केल्याची साक्ष विश्वासार्ह नाही, पोलिसावर खटला भरण्यासारखा पुरावा नाही. ही दुरुस्ती किती लोकांनी वाचली?

आणि एफबीआयच्या आकड्यांत खुनासाठी अटक झालेल्यांत जवळजवळ निम्मे काळे असतात, लोकसंख्येत ते १३-१४ टक्के आहेत. हे बोललं की लगेच वर्णद्वेषी ठरवतात. मला तसं व्हायचं नाहीये, पण हा आकडा बाजूला ठेवून तुरुंगातल्या प्रमाणावर बोलता येणार नाही.

मोरपंखी

निखळ +१. पहिल्या दिवशी कोणाचीच बाजू घेऊ नये, संपला विषय.

रानवारा

निखळ, फर्ग्युसन तुम्ही आणलंत ते बरं झालं. ४ मार्च २०१५ ला न्याय खात्याने दोन अहवाल काढले होते, एकाच दिवशी. तुम्ही सांगितलात तो एक. दुसरा फर्ग्युसनच्या पोलीस खात्यावर आणि कोर्टावर होता. तिथली ६७ टक्के वस्ती काळी, पण गाड्या थांबवल्या त्यात ८५ टक्के काळे, दंडाच्या पावत्या ९० टक्के, अटका ९३ टक्के. कारण काय, तर गावाचं बजेट दंडाच्या पैशावर चालवलं जात होतं, वरून सांगितलं जायचं की वसुली वाढवा. दंड भरता आला नाही की वॉरंट, वॉरंट निघालं की अटक. म्हणजे एखाद्याच्या नावावर गुन्हा कसा चढतो ते त्या अहवालात कागदोपत्री आहे. पहिल्या अहवालाबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे, आंदोलनाची घोषणा ज्या साक्षीवर उभी होती ती साक्ष टिकली नाही आणि मीडियाने ते तेवढ्याच मोठ्याने सांगायला हवं होतं. पण तिथले लोक रस्त्यावर का आले ते दुसऱ्या अहवालात आहे आणि तो फारच कमी लोकांना माहितीये.

खुनाच्या आकड्याबद्दल, हो, तो आकडा आहे. त्या खुनात मरणारेही बहुतेक काळेच असतात हे त्याच आकडेवारीत आहे, ते मात्र कोणी ग्रुपवर टाकत नाही. आणि खुनाचा आकडा खुनापुरता. न्यूयॉर्कमधे २०११ साली पोलिसांनी रस्त्यात थांबवून ६ लाख ८५ हजार वेळा लोकांना तपासलं, त्यात दहापैकी जवळजवळ नऊ काळे किंवा लॅटिनो, आणि साधारण ८८ टक्के वेळा काही म्हणजे काही निघालं नाही. ते लोक खुनी नव्हते हो, कामाला निघालेले होते. २०१३ मधे फेडरल कोर्टाने ती पद्धत ज्या रीतीने राबवली ती घटनाबाह्य ठरवली, तपासण्या कोसळल्या, आणि २०१७ मधे शहरातले खून ३०० च्या खाली आले.

सीमा_परदेशी

मी इथे अमेरिकेत बरीच वर्षं आहे, नागरिक झाल्यावर ज्युरी ड्युटीचं पत्र आलं. तो दिवस सांगते. खोलीत आम्ही चाळीस-पन्नास जण, आरोपी एक काळा तरुण मुलगा, इस्त्री केलेला शर्ट घालून बसलेला, मागे त्याची आई. वकील प्रश्न विचारतात आणि मग कारण न सांगता काही जणांना घरी पाठवू शकतात. पॅनेलवर जे चार काळे लोक होते त्यातले तीन सरकारी वकिलाने पाठवले. एक तर शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या, इतक्या नीट उत्तरं दिली होती त्यांनी. मला कारण माहीत नाही, असेलही काही. मलाही नंतर आरोपीच्या वकिलाने काढलं. पण मी बाहेर पडताना त्या आईकडे बघितलं, ती एकेक जण उठून जाताना मोजत होती असं मला वाटलं, आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की रंगावरून ज्युरर काढायला सुप्रीम कोर्टाने १९८६ मधेच, बॅट्सन खटल्यात बंदी केलीये. पण वकील दुसरं काहीतरी कारण देतो, नजर मिळवत नव्हता, वय कमी होतं, आणि ते चालून जातं. मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालला, सहाही वेळा तोच सरकारी वकील, त्याने काढता येतील अशा ४२ काळ्या ज्युररपैकी ४१ काढले. २०१९ मधे सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी शिक्षा उलटवली आणि निकाल लिहिला तो कॅव्हनॉने, जे ट्रम्पने नेमलेले. म्हणजे हा डाव्यांचा कांगावा आहे असं म्हणायला जागा नाही. तो माणूस तोपर्यंत वीस वर्षांहून जास्त आत होता.

कायदेपंडित

मी वकिली करतो, तिकडची नाही, पण वाचन आहे. इथे सगळेजण गरिबी आणि रंग यांची गल्लत करताय असं मला वाटतं. अमेरिकेत शिक्षा होणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक खटला चालवतच नाहीत, तडजोड करून गुन्हा कबूल करतात. जामिनाचे पैसे नाहीत, आत बसून नोकरी जाणार, मग वकील सांगतो सही कर आणि सुट. हे गोऱ्या गरिबालाही होतं. ड्यूकची मुलं सुटली कारण आईबापांनी महागडे वकील लावले, गोरी होती म्हणून नाही.

क्रॅकचा, म्हणजे ओढायच्या स्वस्त कोकेनचा, कायदा नेहमी पुढे करतात, कारण त्यात काळेच जास्त अडकले. २०१० पर्यंत ५ ग्रॅम क्रॅकला पाच वर्षं आणि पावडर कोकेनला तीच शिक्षा ५०० ग्रॅमला होती. १९८६ चा तो कायदा काही काळ्या प्रतिनिधींनीही उचलून धरला होता कारण त्यांच्याच वस्त्या जळत होत्या. हेतू द्वेषाचा नव्हता.

रानवारा

हेतूवरच तर सगळी गाडी अडते. १९८७ चा मॅक्लेस्की खटला घ्या. जॉर्जियातल्या दोन हजारांहून जास्त केसेस तपासून संशोधकांनी दाखवलं की मेलेला माणूस गोरा असेल तर फाशीची शक्यता ४.३ पट. सुप्रीम कोर्टाने अभ्यास खरा धरला तरी ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की या आरोपीच्या बाबतीत कोणी मुद्दाम भेदभाव केला हे सिद्ध करा. कसं करणार? कोण लिहून ठेवतं? निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल निवृत्तीनंतर म्हणाले की तेवढं एक मत बदलता आलं तर बदलेन. त्या आरोपीला, मॅक्लेस्कीला, १९९१ मधे विजेच्या खुर्चीत बसवून मारलं.

आणि इथे गरिबीचं स्पष्टीकरण चालत नाही, साहेब. आरोपी दोन्हीकडे बहुतेक गरीबच होते, फरक मेलेल्याच्या रंगाने पडला.

फाटकी_छत्री

आपल्या लोकांना हे लांबचं वाटतं म्हणून एक सांगतो. फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन गाव. एक गुजराती आजोबा नातू सांभाळायला मुलाकडे आलेले, सकाळी घराजवळ फूटपाथवर फिरत होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की एक बारीकसा काळा माणूस घरांकडे बघत फिरतोय. पोलीस आले, आजोबांना इंग्रजी येत नाही, इंडिया इंडिया म्हणत राहिले, एका पोलिसाने हात मागे धरून जमिनीवर आपटलं. मानेला दुखापत, अंग लुळं पडलं. गाडीच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतंय. फेडरल खटला दोनदा चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, मग न्यायाधीशांनी पोलिसाला निर्दोष सोडलं. फोनवरचा शब्द "काळा" नसता तर? मला याचं उत्तर हवंय, विशेषतः इथे जे म्हणतायत की रंगाचा संबंध नाही त्यांच्याकडून.

मोरपंखी

हे माहीतच नव्हतं. वाचून पोटात कालवलं.

निखळ

छत्री, त्या केसमधे माझ्याकडे उत्तर नाही, आणि ओढूनताणून देणारही नाही. पण एका व्हिडिओवरून सगळे पोलीस असे हेही मी मानणार नाही. हार्वर्डचे रोलंड फ्रायर, स्वतः कृष्णवर्णीय, त्यांनी २०१६ मधे अभ्यास मांडला. ह्यूस्टनच्या माहितीत पोलिसांच्या गोळीबारात त्यांना वर्णाचा फरक सापडला नाही, स्वतःलाच धक्का बसला म्हणाले.

सीमा_परदेशी

निखळ, त्याच अभ्यासात पुढे आहे की ढकलणं, बेड्या घालणं, भिंतीला लावणं यात काळ्यांवर बळाचा वापर होण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा पन्नास टक्क्यांहून जास्त निघाली. तुम्ही अर्धा सांगितलात. गोळीबार क्वचित होतो, हे रोज होतं, आणि रोजच्या गोष्टीची बातमी होत नाही.

निखळ

मान्य, ते मी लिहायला हवं होतं.

रानवारा

निखळ, तुमचं ड्यूक आणि माझं सेंट्रल पार्क मी काल रात्रभर शेजारी ठेवून बघत होतो. दोन्हीकडे मीडिया चुकला, दोन्हीकडे डीएनए आरोपींच्या बाजूने होता. ड्यूकच्या पोरांचं नाव साफ व्हायला साधारण तेरा महिने लागले, तुरुंगात एक दिवसाची शिक्षा झाली ती सरकारी वकिलाला. सेंट्रल पार्कच्या पोरांना तेरा वर्षांहून जास्त लागली. कायदेपंडित म्हणतील पैसा, आणि पैसा आहेच त्यात. पण देशभरात शिक्षा होऊन नंतर निर्दोष ठरलेल्यांची जी नोंद ठेवतात तिच्या २०२२ च्या अहवालात सुटलेल्यांपैकी ५३ टक्के काळे आहेत, आणि निर्दोष काळ्या माणसाला खुनाच्या गुन्ह्यात चुकून शिक्षा होण्याची शक्यता गोऱ्याच्या सातपटीहून जास्त. हे ग्रुपवर टाकू का? तिथे सगळे वडीलधारे आहेत.

कायदेपंडित

टाका. फक्त फर्ग्युसनचे दोन्ही अहवाल टाका, एकच नको.

रानवारा

दोन्ही टाकतो. आणि आजोबांची हकीगत आधी.