लॅटिनो कला, ग्रंथ आणि उत्सव : तुमच्या शहरातले अनुभव

सप्टेंबर जवळ आला की अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत ग्रंथालयांच्या काउंटरवर लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या लोकांच्या, कार्यक्रमांची पत्रके दिसू लागतात. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा तिथे हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषेशी नाते असलेल्या लोकांचा) वारसा महिना म्हणून अधिकृतपणे पाळला जातो. 1968 मध्ये त्याची सुरुवात एका आठवड्याने झाली आणि 1988 मध्ये त्याचा महिना झाला. तो महिन्याच्या मध्यावर सुरू होतो याचे कारण असे, की 15 सप्टेंबर हा ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन आहे, आणि लगोलग 16 तारखेला मेक्सिकोचा व 18 तारखेला चिलीचा राष्ट्रीय दिन येतो. त्यापाठोपाठ नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत गेलेल्या आप्तांना आठवण्याचा मेक्सिकन ‘मृतांचा सण’, त्याच महिन्यात मायामीचा ग्रंथमेळा आणि 6 जानेवारीला, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा दिवस अशी रांगच लागते.

आपल्या तिथल्या मराठी मंडळींपैकी अनेक जण या लॅटिनो लोकांच्या शेजारी राहतात आणि त्यांच्याच दुकानांतून कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि आंबे आणतात, पण त्यांच्या कार्यक्रमांना जाणारे फार थोडे. जे गेले आहेत त्यांनी येत्या हंगामाआधी लिहावे, यासाठी हे निमंत्रण आहे. नुसती यादी नको, ती पत्रकात असतेच. काय पाहिले, कुठे वेळ सत्कारणी लागला आणि काय टाळले तरी चालेल, हे मोकळेपणाने लिहावे. आलेली पत्रे खाली दिली आहेत.

शिकागोहून, ग्रंथालयात काम करणारी एक वाचक

पिल्सन ही शिकागोची वस्ती मूळची चेक स्थलांतरितांची, नावही त्यांनीच आपल्या गावावरून दिलेले. 1960 च्या सुमारास शेजारच्या भागात विद्यापीठाच्या इमारतींसाठी पाडापाडी झाली आणि तिथली मेक्सिकन कुटुंबे मोठ्या संख्येने इकडे सरकली. पिंक लाइनच्या अठराव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरले की जिन्याच्या पायऱ्यांपासूनच रंगकाम सुरू होते, आणि तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, हॅरिसन पार्कमध्ये, मेक्सिकन कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. कार्लोस तोर्तोलेरो, हेलन वाल्देस आणि त्यांच्या शिक्षक सहकाऱ्यांनी 1982 मध्ये अवघ्या 900 डॉलरांवर ही संस्था उभी केली आणि 1987 मध्ये संग्रहालयाचे दार उघडले. आजही तिथे प्रवेशशुल्क नाही. शिक्षकांनी काढलेले संग्रहालय असल्याचे पावलोपावली जाणवते, कारण चित्राखालच्या पाट्या इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत असतात आणि मुलाला कळेल इतक्या सरळ लिहिलेल्या असतात.

या संग्रहालयाचे मृतांच्या सणाचे वार्षिक प्रदर्शन सप्टेंबरमध्येच लागते आणि डिसेंबरपर्यंत असते. उद्घाटनाच्या गर्दीपेक्षा आठवड्यातल्या एखाद्या सकाळी जावे, असे मी सुचवेन. एका वर्षी मी तिथे एका दिवंगत कारखाना-कामगारासाठी मांडलेली वेदी, म्हणजे त्याच्या आवडीच्या वस्तूंची मांडणी, पाहिली. त्यावर कामाचे हातमोजे, छोटा रेडिओ, लॉटरीचे तिकीट आणि अर्धवट भरलेले सिगारेटचे पाकीट होते. शाळेतून आलेल्या मुलांना मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘यांना काय आवडत असेल?’ त्यानंतर अर्धा तास त्या बाईंना बोलावेच लागले नाही.

जुलैच्या अखेरीस इथे फिएस्ता देल सोल हा वस्तीचा उत्सव भरतो. पाळणे, खाण्याचे ठेले आणि ध्वनिवर्धक एवढेच पाहून अनेक जण परततात. पण तो 1972 मध्ये सुरू झाला तो वस्तीने लढून स्वतःसाठी नवे हायस्कूल मंजूर करून घेतले त्या आनंदात, हे ठाऊक असले की तिथल्या शिक्षणविषयक तंबूंचा अर्थ लागतो. भाडी वाढल्यामुळे जुनी कुटुंबे पिल्सनमधून बाहेर पडत आहेत आणि भित्तिचित्रे मात्र घरांच्या जाहिरातींत झळकत आहेत, हेही इथे लिहून ठेवते.

ह्यूस्टनहून

चित्रे आणि मिरवणुका यांबद्दल इतर लिहितीलच, मी पुस्तकांबद्दल लिहितो. आर्ते पुब्लिको प्रेस ही प्रकाशनसंस्था ह्यूस्टन विद्यापीठात आहे. निकोलास कानेयोस यांनी ती 1979 मध्ये सुरू केली. मोठे प्रकाशक लॅटिनो लेखकांना दारात उभे करत नव्हते त्या काळात तिने त्यांची पुस्तके काढली. सांद्रा सिस्नेरोस यांची, पुढे अमेरिकेतल्या असंख्य शाळांत वाचली जाऊ लागलेली पहिली कादंबरी 1984 मध्ये इथूनच आली. याच संस्थेने 1992 पासून अमेरिकेतले जुने स्पॅनिश लेखन, म्हणजे विस्मृतीत गेलेली वर्तमानपत्रे, आठवणी आणि कविता, शोधून जपण्याचा मोठा प्रकल्प चालवला आहे. दप्तरे धुंडाळणाऱ्या आपल्या इतिहास संशोधकांची ज्यांना ओढ आहे त्यांना हे काम आवडेल. लहान मुलांसाठी त्यांची दोन भाषांतली पुस्तके वेगळ्या मालिकेत निघतात, आणि मराठी घरांतल्या मुलांना, घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी हा अनुभव त्यांत आयताच सापडतो.

ह्यूस्टनमधल्या लेखकवाचनांना एक ताजा इतिहास आहे. ॲरिझोनात 2010 मध्ये झालेल्या कायद्याच्या आधारे टूसॉनच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम 2012 च्या आरंभी बंद पडला आणि त्यातली पुस्तके वर्गांतून उचलून नेली गेली. तेव्हा टोनी डियाझ या इथल्या लेखकाने मित्रांसह ती पुस्तके बसमध्ये भरून मार्च महिन्यात ह्यूस्टनहून टूसॉनपर्यंत नेली, वाटेत गावोगावी वाचने केली, आणि या मोहिमेला ‘लिब्रोत्राफिकान्ते’, अर्थात ग्रंथतस्कर, असे मिश्कील नाव दिले. 2017 मध्ये न्यायालयाने त्या बंदीमागे वांशिक आकस असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे इथल्या वाचनाला पन्नास माणसे जमली तरी सभागृहात एक प्रकारची धग असते. श्रोते प्रश्न विचारताना आधी आपले गाव सांगतात, मग आजी-आजोबांचे गाव सांगतात, आणि प्रश्न राहूनच जातो. संयोजक ते हसून सोडून देतात.

सॅन फ्रान्सिस्को परिसरातून

मृतांच्या सणाला सरसकट ‘मेक्सिकन पितृपक्ष’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे, त्याबद्दल थोडे मतभेदाचे लिहितो. साम्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. गेलेल्यांना जेवायला बोलावणे, त्यांच्या आवडीचे करणे, पाणी ठेवणे हे सगळे आपल्या ओळखीचे आहे. पण आपल्याकडे तो पंधरवडा शुभकार्याला वर्ज्य मानतात, आणि इथे त्याच निमित्ताने बँड वाजतो, चेहरे रंगवले जातात आणि लहान मुलांना साखरेच्या कवट्या खायला मिळतात. शिवाय 1 नोव्हेंबर हा गेलेल्या बालकांचा आणि 2 नोव्हेंबर हा मोठ्यांचा, अशी तिथली विभागणी आहे. ज्यांचे मूल गेले आहे अशा शेजाऱ्यांशी 1 तारखेला बोलताना हे ठाऊक असलेले बरे.

मिशन भागात ऑक्टोबरमध्ये वेदी मांडण्याच्या आणि कागद कापण्याच्या कार्यशाळा असतात. मी म्हणेन, मिरवणूक चुकली तरी चालेल, कार्यशाळा चुकवू नये. ‘पापेल पिकादो’ म्हणजे नक्षीदार कापलेल्या पताका. कारागीर पातळ रंगीत कागदांचा जाड गठ्ठा शिशाच्या किंवा लाकडाच्या पाटावर ठेवतो, वर आराखड्याचा कागद लावतो आणि छिन्नी उभी धरून हातोडीचे नेमके ठोके देत जातो. ठोका हलका पडला तर खालचे कागद कापले जात नाहीत आणि छिन्नी तिरकी झाली तर वरची व खालची नक्षी जुळत नाही. आम्हाला शिकवणाऱ्या आजी छिन्नीच्या आवाजावरूनच कुणाचा हात चुकतो आहे ते मान वर न करता सांगत होत्या.

वेदीवर पाण्याचा पेला, मीठ, मेणबत्ती, कोपाल नावाचा धूप, गोड पाव आणि छायाचित्र ठेवतात, आणि सगळीकडे झेंडू असतो. आपण दसऱ्याला ज्याची तोरणे बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, आणि पोर्तुगीज व्यापाराच्या काळात तो आपल्याकडे आला. मी तोरण ओवायला बसलो तेव्हा सुईदोऱ्याची सवय पाहून मला लगेच बढती मिळाली.

2 नोव्हेंबरच्या संध्याकाळी मिशनमध्ये मिरवणूक निघते आणि पोत्रेरो देल सोल उद्यानात लोक आपापल्या वेदी मांडतात. तिथे छायाचित्रे काढण्याआधी विचारावे. त्या वेदी देखावे नव्हेत; शेजारी उभी असलेली बाई बहुधा त्या छायाचित्रातल्या माणसाची मुलगी असते. बाल्मी गल्ली मात्र वर्षभर कधीही पाहता येते. तिथल्या कुंपणांवर आणि गॅरेजच्या दारांवर 1984 मध्ये मध्य अमेरिकेतल्या युद्धांविरुद्ध चित्रकारांच्या गटाने चित्रे काढली, आणि पुढे त्यांत भर पडत गेली.

क्वीन्स, न्यूयॉर्कहून

जॅक्सन हाइट्समध्ये चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर आपण किराणा घेतो आणि दोन पावलांवर रूझवेल्ट ॲव्हेन्यूला कोलंबियन व एक्वादोरी बेकऱ्या लागतात. लहान मुले असतील तर मी दोनच गोष्टी सुचवेन. एक, 6 जानेवारीच्या सुमाराची तीन राजांची मिरवणूक, जी 1969 मध्ये स्थापन झालेले एल म्युझेओ देल बारिओ हे संग्रहालय पूर्व हार्लेममध्ये काढते. उंच बाहुले आणि कागदी मुकुट असतात, थंडी मरणाची असते. दुसरी, 30 एप्रिलचा बालदिन-ग्रंथदिन, जो पॅट मोरा या लेखिकेने 1996 मध्ये सुचवला आणि जो अमेरिकेतल्या ग्रंथालयांत होतो. न्यूयॉर्कमध्ये त्याला पूर्वपीठिकाही आहे. पुरा बेलप्रे या पोर्तो रिकोहून आलेल्या ग्रंथपाल 1921 पासून इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात होत्या, आणि पूर्व हार्लेमच्या शाखेत त्या बाहुल्या नाचवून स्पॅनिशमध्ये गोष्टी सांगत. उत्तम लॅटिनो बालसाहित्याला त्यांच्याच नावाचा पुरस्कार मिळतो. आपल्या मंडळांच्या मराठी शाळा चालवणाऱ्यांनी हा कार्यक्रम एकदा तरी शेवटपर्यंत बसून पाहावा.

सॅन अँटोनियोहून, पेटी शिकलेला एक रसिक

इथले मध्यवर्ती ग्रंथालय रिकार्दो लेगोरेता या मेक्सिकन वास्तुकाराने रचले आणि ते 1995 मध्ये उघडले. त्याच्या लाल रंगावर गावात बराच वाद झाला आणि अखेरीस त्या छटेला लोकांनी एन्चिलाडा या मेक्सिकन पदार्थाचे नाव देऊन टाकले. पण मला लिहायचे आहे ते मे महिन्यातल्या, कोनहुंतो या टेक्ससमधल्या मेक्सिकन संगीताच्या महोत्सवाबद्दल, जो ग्वादालुपे सांस्कृतिक कला केंद्र 1982 पासून भरवत आले आहे. बटणांचा अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो हे बारा तारांचे गिटारसारखे वाद्य ही या संगीताची जोडी. अकॉर्डियन टेक्ससमध्ये जर्मन आणि चेक वसाहतवाल्यांबरोबर आला, त्यांच्याकडून पोल्का मेक्सिकन मजुरांनी उचलली आणि तिची चाल बदलून टाकली. अकॉर्डियन आणि पेटी यांच्या पोटातल्या धातूच्या पट्ट्यांचे तत्त्व एकच, त्यामुळे माझे कान आधी वाजवणाऱ्याच्या भात्याकडे गेले. आपण भाता संथ ठेवतो आणि सूर लांबवतो. हे लोक भात्याला झटके देऊन सूर तोडतात, आणि त्या तोडण्यावर सत्तरीची जोडपी अचूक पाऊल टाकून नाचतात. पुढच्या रांगेत बसण्यापेक्षा नाचाच्या फरशीच्या कडेला उभे राहावे, संगीत तिथेच नीट कळते.

मायामीहून

मार्चमधला काये ओचोचा, म्हणजे आठव्या रस्त्याचा, रस्ता-उत्सव प्रसिद्ध आहे. मला तो कर्कश वाटला आणि प्रायोजकांच्या फलकांनी भरलेला. माझ्या क्यूबन शेजाऱ्यांचे मत अगदी उलट आहे. त्यांच्या मते वर्षातून एकदा आख्खा रस्ता आपला होणे हाच कार्यक्रम आहे, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला नाही. मी वाट पाहतो ती नोव्हेंबरातल्या ग्रंथमेळ्याची. 1984 मध्ये सुरू झालेला हा मेळा मायामी डेड कॉलेजच्या शहरातल्या आवारात आठ दिवस चालतो आणि त्यात स्पॅनिश लेखकांचा स्वतंत्र कार्यक्रम असतो. मोडक्यातोडक्या स्पॅनिशवरही कवितावाचन झेपते, कादंबरीवरची चर्चा झेपत नाही. पुस्तकांचे ठेले अखेरच्या शुक्रवार ते रविवार रस्त्यावर लागतात.

मेक्सिको सिटीला कामानिमित्त राहिलेली नागपूरकर

अमेरिकेबाहेरचा अनुभव चालत असेल तर लिहिते, कारण यात आपला माणूस आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवत, मक्याच्या वाणांवर संशोधन करत आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवत. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे स्नेही होते. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेरांनी 1920 च्या दशकात जी भित्तिचित्रे काढली, त्यांतल्या एका चित्रात मेजाभोवती जमलेल्यांना भाकरी वाटणारा जो माणूस आहे, तो खानखोजे. मी समोर उभी होते तेव्हा शाळेच्या मुलांचा एक गट आला, आणि त्यांच्या शिक्षकांना हा माणूस हिंदुस्थानातला आहे हे आधीच माहीत होते. मला मात्र ते नागपुरात शाळेत असताना कुणी सांगितले नव्हते, आणि खानखोजे तर 1967 मध्ये नागपुरातच वारले. 2022 मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळाही बसला आहे.

ग्रंथप्रेमींसाठी आणखी एक. ग्वादालाहारा शहरात 1987 पासून नोव्हेंबरच्या अखेरीस स्पॅनिश जगातला सर्वांत मोठा ग्रंथमेळा भरतो, आणि 2019 मध्ये त्यात भारत सन्माननीय पाहुणा देश होता.

शिकागोहून पुन्हा

एक व्यावहारिक गोष्ट राहिली होती. यंदा निघण्याआधी कार्यक्रम होणार आहे ना, हे त्याच आठवड्यात तपासावे. 2025 च्या सप्टेंबरात ग्रँट पार्कमधला मेक्सिकन स्वातंत्र्यदिनाचा सोहळा स्थलांतरितांच्या धरपकडीच्या भीतीने आयोजकांनी पुढे ढकलला, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियातला, पुएब्ला या मेक्सिकन राज्याच्या नावाचा कार्निव्हल याच कारणाने रद्द झाला. मोठे मैदानी उत्सव असे अडतात तेव्हा ग्रंथालयातली वाचने आणि संग्रहालयातल्या कार्यशाळा बहुधा ठरल्याप्रमाणे होतात, पण तिथेही खुर्च्या रिकाम्या राहतात, कारण ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे तेच घराबाहेर पडायला धजत नाहीत. अशा वेळी आपण गेलो तर समूहाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. आमच्या ग्रंथालयात आता तशी पाटीच लावली आहे.